प्रादेशिक विकासनिधीला कराराचे बळ हवे

ग्लासगो आणि परिसरातील आठ स्थानिक परिषदांनी २०१४ मध्ये ब्रिटन व स्कॉटलंड या दोन्ही सरकारांशी विकासनिधीचा करार केला. दोन्ही सरकारांनी प्रत्येकी ५० कोटी पौंड द्यायचे, परिषदांनी स्वतःचे १३ कोटी घालायचे, आणि वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या या निधीचा पुढचा हप्ता दर पाच वर्षांच्या त्रयस्थ मूल्यमापनावर अवलंबून ठेवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. पुढे २०२० मध्ये एअरशरमधील तीन परिषदांनीही सुमारे २५ कोटी पौंडांचा असाच करार केला.

यातील रकमांपेक्षा मला सह्या महत्त्वाच्या वाटतात. सरकार बदलले तरी वचन कोणी, कोणाला आणि किती वर्षांसाठी दिले हे कागदावर राहते.

आपल्यालाही हा विचार परका नाही. विदर्भ आणि मराठवाडा महाराष्ट्रात आले ते १९५३ च्या नागपूर कराराच्या पार्श्वभूमीवर, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे तत्त्व त्यातच होते. ते पाळले गेले का, हे मोजण्याचे मोठे काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे माजी संचालक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केले. रस्ते, सिंचन, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्रात जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे पाहून तिने १९८४ मध्ये सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. एवढ्या काटेकोरपणे आपली विषमता मोजणारे राज्य देशात विरळाच असेल, असे मला वाटते. घटनेच्या ३७१(२) कलमानुसार १९९४ मध्ये विकास मंडळे आली आणि समन्यायी निधिवाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे गेली. एप्रिल २०२० मध्ये मात्र मंडळांची मुदत संपली आणि वेळेवर मुदतवाढ मिळाली नाही. मापन उत्तम असूनही त्यामागची यंत्रणा मुदतवाढीच्या एका निर्णयावर टांगलेली होती, ही मला खरी उणीव वाटते.

पुणेकर म्हणून मी हे आग्रहाने लिहितो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत लातूर, बीड, नांदेडची मुले वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करत बसलेली दिसतात. त्यांच्या जिल्ह्यांत पुरेसा रोजगार वाढला असता, तर त्यांतील अनेकांना पुणे गाठावेच लागले नसते, आणि या शहराच्या पाण्यावर व रस्त्यांवरचा ताणही काहीसा हलका झाला असता.

म्हणून जिल्हा समूहांशी पंधरा-वीस वर्षांचे लेखी करार व्हावेत, त्यांत स्थानिक संस्थांचा स्वतःचा वाटा असावा आणि मूल्यमापनाचे अहवाल जाहीर व्हावेत, असे माझे मत आहे. त्यासाठी सही करणारी संस्था मात्र लोकनियुक्त असली पाहिजे. पुणे महापालिकेचा कारभारच मार्च २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांकडे होता. अशा काळात वीस वर्षांचे वचन शहराच्या वतीने कोणी द्यायचे, हे आधी ठरवावे लागेल.