१० किलो मटार

आज कपिलतीर्थ मंडईतून १० किलो मटार, फ्रीजरमध्ये साठवायला. सोलून दाणे भरले साडेचार किलो, म्हणजे भाव करताना टरफलाचा हिशेब धरायचाच. फुगून पांढरट पडलेली शेंग घेऊ नका, दाणा पिठूळ निघतो. आणि सोलणं उद्यावर ढकलू नका. तोडल्यापासून दाण्यातली साखर कमीच होत जाते.

३ लिटर खळखळतं पाणी, एका वेळी अर्धा किलोच दाणे. जास्त टाकले की पाणी थंडावतं. पुन्हा उकळी आली की दीड मिनिट, लगेच चाळणीतून बर्फाच्या पाण्यात. ही उकळी टाळली तर काही महिन्यांत मटाराला वाळल्या गवताचा वास येतो.

खरा घोळ होतो तो वाळवताना. पंचावर पसरलेल्या दाण्यावर बोट फिरवलं तर ओल लागता कामा नये. नाहीतर फ्रीजरमध्ये एकच ढेकूळ, पावशेर काढायला वरवंटा घ्या! ताटात एकच थर, फ्रीजरमध्ये ३-४ तास; मग पाव-पाव किलोच्या पिशव्या, हवा दाबून काढून. वितळलेली पिशवी परत गोठवायची नाही. रस्सा करताना गोठलेलेच दाणे थेट फोडणीत.