धावणाऱ्याचं डोकं

शनिवारी सकाळी दहाला आमच्या झोंबी-गेमची प्लेटेस्ट, म्हणजे खेळाडूंना खेळवून घ्यायची चाचणी, सुरू झाली आणि पावणेअकराला वहीत पहिली नोंद पडली: "धावणाऱ्या झोंबीचं डोकं फुटत नाही." साडेअकरापर्यंत सहापैकी पाच जणांनी तेच आपापल्या शब्दांत सांगितलं होतं. एक म्हणाला, "दादा, गोळी लागलेली दिसते, पण लागत नाही." दुसऱ्याला बंदूक हलकी वाटत होती. तिसऱ्याने शेजारच्याला सल्लाही देऊन टाकला, "डोक्याच्या नादी लागू नको, त्याचं डोकं बख्तरबंद आहे. छातीत घाल."

आमच्या गेममध्ये एकाही झोंबीचं डोकं बख्तरबंद नाही. डोक्यात एक गोळी, झोंबी खलास, छातीत तीन. हा नियम धावणाऱ्यालाही लागू आहे आणि पहिल्या पडद्यावर तो लिहिलेलाही आहे. तरीही शहाण्यासुरत्या खेळाडूंनी पाऊण तासात उलटा नियम शोधून काढला, आणि तो त्यांच्या हाताच्या अनुभवावर उभा होता. खेळाडू कारण सांगतो तेव्हा ते बहुधा चुकीचं असतं, पण कुठे दुखतंय ते तो अचूक सांगतो. म्हणून ही तक्रार 'सवय नाही अजून' म्हणून सोडून देता येत नव्हती.

गेमबद्दल थोडं सांगायला हवं. बंद पडलेल्या साखर कारखान्याचं आवार, रात्र, आणि लाटेमागून लाट येणारे झोंबी. खेळाडूकडे सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, एक दुनळी आणि ऊसतोडीचा कोयता. दिसायला सगळं पहिल्या प्लेस्टेशनच्या काळातलं. गेममधली प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनते, आणि त्या यंत्राचं हार्डवेअर त्रिकोणाचा कोपरा पडद्यावरच्या पूर्ण पिक्सेलवरच बसवायचं, दोन पिक्सेलच्या मधली जागा त्याला ठाऊकच नव्हती. म्हणून कॅमेरा हलला की भिंतींच्या कडा थरथरायच्या. टेक्श्चर, म्हणजे वस्तूवर चिकटवलेलं चित्र, ताणताना जवळ-लांबचा हिशेब नसायचा, त्यामुळे पायाजवळच्या फरश्या वाकड्या दिसायच्या. आम्ही हे सगळं मुद्दाम परत आणलं आहे. चित्र ४८० बाय २७० चं काढायचं आणि १९२० बाय १०८० च्या पडद्यावर बरोबर चौपट करायचं. टेक्श्चर १२८ पिक्सेलच्या वर नाही, झोंबीला जेमतेम ५०० त्रिकोण, लाल-हिरव्या-निळ्याच्या प्रत्येकी ३२ छटा. आणि झोंबी सेकंदाला दहाच वेळा हलतो. मधल्या काळात तो गोठलेला असतो, मग एकदम पुढची ठेवण घेतो. अंधारात अंगावर येताना ही अडखळती चाल फार भयंकर दिसते. आमच्या चित्रकाराचा तिच्यावर जीव आहे, माझाही आहे.

पहिला संशय कोपऱ्यांच्या थरथरीवर गेला. ती थरथर ग्राफिक्स कार्डात, अगदी शेवटच्या टप्प्यावर होते; झोंबीभोवतीच्या अदृश्य हिटबॉक्सना, म्हणजे गोळी लागली की नाही ते ठरवणाऱ्या आकारांना, तिचा पत्ता नसतो. म्हणजे चित्र एकीकडे आणि हिटबॉक्स दुसरीकडे, असं होऊ शकतं. कागदावर मांडून पाहिलं. कॅमेऱ्याला दिसणारा उभा कोन ६० अंश. २० मीटरवर पडद्याच्या उंचीत २३ मीटर मावतात. ओळी २७०, म्हणजे एका पिक्सेलला साडेआठ सेंटिमीटर. थरथर जास्तीत जास्त अर्ध्या पिक्सेलची, सव्वाचार सेंटिमीटर. झोंबीचं डोकं २६ सेंटिमीटर रुंद. एवढ्याने डोकं चुकणार नाही. तरी थरथर बंद करून एका खेळाडूला खेळायला दिलं. तक्रार जागच्या जागी.

या हिशेबात एक छोटी चूक मात्र हाताला लागली. क्रॉसहेअरचा, म्हणजे नेम धरायच्या खुणेचा, ठिपका एक पिक्सेलचा होता आणि चित्राची रुंदी सम आहे, ४८०. सम रुंदीला मधला पिक्सेल नसतो. मध्य २४० आणि २४१ च्या सांध्यावर पडतो. ठिपका त्यामुळे कायम अर्धा पिक्सेल उजवीकडे बसत होता. तो दोन पिक्सेलचा केला. ज्यांना असं काही बनवायचं असेल त्यांनी क्रॉसहेअर छोट्या चित्रात न काढता मोठ्या पडद्यावर वेगळाच काढावा, हे जास्त सरळ.

खरा धागा सहाव्या खेळाडूने दिला, ज्याची काहीच तक्रार नव्हती. अकरावीतला मुलगा, फारसा बोलत नव्हता. लॉगमध्ये धावणाऱ्यांची डोकी सगळ्यात जास्त त्याच्या नावावर होती. मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो. झोंबी वजनकाट्यावरून डावीकडून उजवीकडे आडवा पळत होता आणि मुलाचा ठिपका त्याच्या डोक्यावर नव्हताच. डोक्याच्या पुढे, साधारण एक डोकं अंतरावर, मोकळ्या अंधारात होता. त्याने तिथे गोळी झाडली आणि डोकं फुटलं. पुन्हा तसंच. विचारलं तर म्हणाला, "पळणाऱ्याच्या पुढे मारावं लागतं ना, सर."

खऱ्या बंदुकीत ते बरोबर आहे. आमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते चालताच कामा नये. आमची गोळी हिटस्कॅन आहे: चाप ओढला की त्याच क्षणी नळीपासून सरळ रेषा टाकली जाते आणि ती ज्याला पहिल्यांदा छेदते त्याला गोळी लागते. उडायला वेळ लागत नाही, तर नेम पुढे धरायचा कशाला? ज्या अर्थी पुढे धरलेला नेम लागतो, त्या अर्थी झोंबी दिसतो त्याच्या पुढे आहे.

हिटबॉक्स दिसतील असा स्विच लावला आणि झोंबीला वजनकाट्यावर आडवा पळवला. हिटबॉक्सची हिरवी कॅप्सूल गुळगुळीत पुढे सरकत होती. झोंबीचं चित्र मागे गोठलेलं, मग उडी मारून तिला गाठायचं, पुन्हा मागे राहायचं. सेकंदाला दहा वेळा.

गेमचा हिशेब सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो. हिटबॉक्स प्रत्येक फ्रेमला सरकत होते, चित्र दर सहाव्या फ्रेमला. धावणाऱ्याचा वेग सेकंदाला ४.२ मीटर, म्हणजे फ्रेमला सात सेंटिमीटर. चित्राने उडी मारली त्या फ्रेमला अंतर शून्य, मग ७, १४, २१, २८, ३५, आणि पुन्हा शून्य. डोक्याच्या गोलाची त्रिज्या १३ सेंटिमीटर. दिसणाऱ्या डोक्याच्या अगदी मधोमध नेम धरला तरी सहा फ्रेमपैकी पहिल्या दोनच फ्रेमना गोळी लागणार. छातीची त्रिज्या २८, तिथे सहातल्या चार फ्रेमना नक्की लागते. 'डोक्याच्या नादी लागू नको, छातीत घाल' हा सल्ला गणिताने अचूक निघाला. आणि त्या मुलाचा नेम एक डोकं पुढे, म्हणजे २६ सेंटिमीटर पुढे: १४ पासून ३५ पर्यंतच्या चारही फ्रेम त्याच्या खिशात. इतरांपेक्षा बरोबर दुप्पट.

हे आम्हाला आधी का दिसलं नाही, याचं कारण नकाशात होतं. रोजची चाचणी बॉयलरमागच्या बोळात चालायची. बोळ अडीच मीटर रुंद, झोंबी समोरून सरळ अंगावर येतो. तो ३५ सेंटिमीटर जवळ असला काय नि लांब असला काय, ठिपक्याखाली डोकं तेच राहतं. गव्हाण आणि वजनकाट्याचं मोकळं आवार या आठवड्यात जोडलं गेलं, आणि आडवे पळणारे झोंबी तिथे पहिल्यांदा भेटले. शूटरची चाचणी ज्या नकाशात होते त्यात एक तरी मोकळी आडवी धाव हवी. ती आता आमच्या रोजच्या यादीत आहे.

जेवणाच्या सुट्टीत दुसरा वाद निघाला. "गोळ्या कमी पडतात" अशा चार नोंदी होत्या आणि पेट्या वाढवाव्यात असं मत पडलं. मी अडून बसलो. पाचव्या लाटेत २४ झोंबी येतात. निम्मे डोक्यात एका गोळीत, निम्मे छातीत तीन गोळ्यांत मरतील असं धरलं होतं. सरासरी दोन, म्हणजे ४८ गोळ्या. पाचातली एक हुकणार असं मानून ६० दिल्या. आता डोकी फुटतच नसतील तर प्रत्येकाला तीन, म्हणजे ७२, आणि पाचातल्या दोन हुकल्या तर १२०. दुपटीचा खड्डा. त्या दिवशी पेट्या दुप्पट केल्या असत्या, तर दोष काढल्यावर पाचव्या लाटेनंतरही खेळाडूच्या खिशात साठेक गोळ्या खुळखुळत राहिल्या असत्या. सर्व्हायव्हलमध्ये भीती मोजक्या गोळ्यांची असते, ती गेली की उरते नुसती कापाकापी. नेम नीट होईपर्यंत गोळ्यांच्या आकड्याला कुणीही हात लावायचा नाही, असं ठरलं.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. चित्रही ६० फ्रेमला हलवायचं, म्हणजे अडखळती चाल गेली. तो मार्ग मला नकोच होता. दुसरा मार्ग जुन्या गेमांनीच दाखवलेला आहे. १९९३ च्या डूममध्ये जगाचा हिशेब सेकंदाला ३५ वेळा होतो, आणि साधा बंदूकवाला सैनिक चालताना दर चार ठोक्यांनी एकदाच पुढे सरकतो. तोही अडखळतच चालतो. पण तिथे चित्र जिथे असतं तिथेच त्याचा देह असतो, दोन्ही एकदम उडी मारतात, म्हणून डोळा आणि बंदूक यांच्यात भांडण होत नाही. आम्ही चाल उचलली होती आणि हे एकमत मागेच राहिलं होतं.

देह सबंध उड्यांनी हलवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. ४२ सेंटिमीटरच्या उडीत झोंबी दाराच्या चौकटीत अडकतात. म्हणून देह दोन केले. चालणारा देह, जो भिंती, दारं आणि वाट शोधणं सांभाळतो, तो ६० फ्रेमलाच राहिला. गोळ्या झेलणारा देह, डोकं-छाती-पोट-हात-पाय मिळून सात आकार, दिसणाऱ्या सांगाड्याच्या हाडांना बांधला. गोळीची रेषा फक्त याच देहाला विचारते. चावाही याच देहावरून मोजायला घेतला, कारण "हात पोचायच्या आधीच चावला" ही सकाळची नोंदही याच दोषाची होती. माणसाला जो दिसतो त्यानेच चावलं पाहिजे.

तपासायला एक यंत्रणा उभी केली: झोंबी आडवा ये-जा करतो आणि दिसणाऱ्या डोक्याच्या मधोमध आपोआप गोळी सुटते, ६०० वेळा. जुन्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या दुरुस्तीआधीच्या प्रतीत, २०० लागल्या, हिशेबाप्रमाणे तंतोतंत. दुरुस्त बिल्डमध्ये ५००. हे १०० कुठे गेले? सहातली एक फ्रेम अजून चुकत होती, ज्या फ्रेमला चित्र उडी मारतं तीच. आम्ही हाडं हलवली होती, पण गोळीची रेषा तपासणाऱ्या फिजिक्सच्या यंत्रणेला ती हलल्याचं त्याच्या पुढच्या ठोक्यापर्यंत कळत नव्हतं. त्या एका फ्रेमला रेषा जुन्या जागेवरच्या आकारांना विचारत होती. उडी झाल्याबरोबर फिजिक्सला नव्या जागा हाताने कळवल्या. ६०० पैकी ६००.

त्यातून एक खर्च वाढला. ४० झोंबींचे २८० आकार एकाच फ्रेममध्ये हलले की सेकंदाच्या दर दहाव्या भागाला झटका जाणवायचा. झोंबींचे सहा गट केले आणि प्रत्येक फ्रेमला एकाच गटाची उडी ठेवली. झटका गेला, आणि कळप कवायतीसारखा एका तालात न हलता खळबळत येऊ लागला. चित्रकाराला हे सगळ्यात जास्त आवडलं.

आवाजाची एक तक्रार उरली होती, "मागून येणारा ऐकू येत नाही." एका वेळी आठच आवाज वाजू द्यायचे असं ठरवलेलं, आणि दुनळीचा अडीच सेकंदांचा घुमारा जवळच्या झोंबीचं घुरघुरणं गिळत होता. पाच मीटरच्या आतल्या, पाठीमागच्या झोंबीला एक आवाज राखून ठेवला. दहा मिनिटांचं काम.

सव्वापाचला नवा बिल्ड लागला. गोळ्या तेवढ्याच, वेग तोच. सकाळचे चौघं थांबले होते, त्यांनाच बसवलं. डोकं बख्तरबंद म्हणणाऱ्याने पहिल्याच धावणाऱ्याला डोक्यात एका गोळीत पाडलं आणि खुर्चीतून अर्धवट उठला. "आता बंदुकीला वजन आलं," म्हणाला. रिव्हॉल्व्हरचा आवाज, धक्का, धूर, काहीच बदललं नव्हतं.

अकरावीतला मुलगा मात्र पहिल्या लाटेत चाचपडला. सवयीने एक डोकं पुढे मारत होता आणि प्रत्येक गोळी झोंबीच्या नाकासमोरून जात होती. दोनदा मेला. काही न बोलता त्याने ठिपका मागे आणला, आधी अर्धं डोकं, मग थेट डोक्यावर. पाचवी लाट त्याने नऊ गोळ्या शिल्लक ठेवून संपवली, हेडफोन काढला आणि विचारलं, "सर, यांना हळू केलंत का?"