हरल्यानंतरचे दोन महिने: हिशोब, वेळ अमावस्या आणि सिनेमा

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, २३ ला निकाल लागला आणि आमचे सर हरले. अनामतही गेली. सर म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले. अपक्ष उभे होते. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. सध्या एका कर सल्लागाराच्या कार्यालयात हिशोब बघते, म्हणून निवडणूक खर्चाची वही आपोआप माझ्याकडे आली. निकालापासून जानेवारीतल्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवापर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले ते इथे लिहिते आहे. निवडणूक कुठलीही असो, उभे राहणाऱ्यांपैकी बहुतेकजण हरतात. त्यांच्यातल्या कुणाला तरी याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

अपक्षाला वेळच मिळत नाही, हे बाहेरून कळत नाही. अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, त्यानंतर चिन्ह मिळालं, आणि १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी प्रचार थांबला. म्हणजे तीनशेवर बूथ असलेल्या मतदारसंघात नवं चिन्ह पोचवायला दोन आठवडे. त्यात दिवाळी नुकतीच झालेली, सोयाबीन घरात पडलेलं. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि आडतीवर त्याच्या बऱ्याच खाली भाव, हाच सरांचा मुख्य मुद्दा होता. मुद्दा लोकांना पटायचा. मत वेगळ्या हिशोबानं पडायचं.

निकालाच्या दिवशी आम्ही मतमोजणीच्या जागेवरून संध्याकाळच्या आतच निघालो. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी मतं पडली की अनामत जप्त होते. विधानसभेला सर्वसाधारण उमेदवाराची ती रक्कम १०,००० रुपये. पैशाचं एवढं नव्हतं. पण ‘अनामत जप्त’ हे शब्द गावात ज्या आवाजात उच्चारले जातात, तो आवाज सरांना घरापर्यंत ऐकू येत होता. सर खोलीत बसून राहिले. "लोकांनी नाकारलं मला," एवढंच म्हणायचे. ताट यायचं आणि तसंच परत जायचं.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा सगळ्यांना, म्हणजे बूथवर बसलेल्या पोरांनासुद्धा, घरी बोलावलं. ज्वारीच्या भाकरी, येसर आमटी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. पोरं अंगणात जेवायला बसली आणि काकू आत जाऊन म्हणाल्या, "तुमच्यासाठी राबलेली लेकरं उपाशी बसलीत. तुम्ही आल्याबिगर हात लावायला तयार नाहीत." सर आले. बोलले काही नाहीत, पण दीड भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आहे: हरलेल्या माणसाला आधी जेवू घालावं आणि पराभवाची कारणं सांगणाऱ्यांना दोन दिवस दारातच थांबवावं. उपाशी पोटी माणूस प्रत्येक गोष्टीचा दोष स्वतःला लावतो.

यानंतर आम्हाला सावरलं ते खर्चाच्या हिशोबानं. निकालापासून ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला, जिंकलेला असो की हरलेला, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे संपूर्ण खर्च सादर करावा लागतो. योग्य कारणाशिवाय तो दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पडलेले बरेच उमेदवार हे गांभीर्यानं घेत नाहीत. "हरलो की आता, कसला हिशोब," असं म्हणतात आणि पुढच्या निवडणुकीचं दार आपल्याच हातानं लावून घेतात. सरांनाही पहिल्यांदा नको वाटत होतं. मी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, सर, तुम्हाला परत उभं राहायचं असो नसो, ती शक्यता आपण बंद करायची नाही.

त्या वहीत तीन रंगांची पानं असतात: रोजच्या खर्चाला पांढरी, रोखीला गुलाबी, बँकेला पिवळी. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्ज भरायच्या आधीच उघडावं लागतं आणि सगळा खर्च त्यातूनच दाखवावा लागतो. एकाच माणसाला किंवा दुकानाला दिलेली रक्कम १०,००० च्या वर गेली की चेक किंवा ऑनलाइन. विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख. आम्ही तिच्या आसपासही नव्हतो, पण कमी खर्च असला म्हणून कागद कमी लागत नाहीत. मंडप, खुर्च्या, भोंगा, गाडी, चहा, नाश्ता, सगळ्याची दरसूची जिल्ह्याकडून ठरलेली असते आणि आपली बिलं तिच्याशी पडताळली जातात. प्रशासन आपल्या बाजूनं वेगळी नोंद ठेवतं. दोन्हींत फरक निघाला की लेखी उत्तर द्यावं लागतं. शेवटी प्रतिज्ञापत्र जोडायचं, सही करायची आणि पोच घ्यायची. पोच जपून ठेवा, हे मी दोनदा सांगेन.

रोज संध्याकाळी कार्यालय सुटलं की मी सरांकडे जायचे. एकेक बिल काढताना प्रचार पुन्हा डोळ्यांसमोर यायचा. चहा, पोहे, वडापाव, पुन्हा चहा. त्या बिलांवरून मला दिसलं की आमच्या पोरांनी दोन आठवडे एकही धड जेवण केलेलं नव्हतं. सकाळी पोहे, दुपारी कुठंतरी वडापाव, रात्री उशिरा थंड पुरीभाजी. शेवटच्या दिवसांत निम्मे आजारी होते, आणि बूथवर माणूस कमी पडला तो त्याच दिवसांत. सरांनी हे वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी स्वयंपाक आपला." ‘पुढच्या वेळी’ हे शब्द निकालानंतर मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

मग बूथनिहाय आकडे. अंतिम निकालपत्रक, म्हणजे नमुना २०, यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. गावात तोवर मतदानाच्या मशीनवरच्या संशयाची चर्चा जोरात होती. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. निवडणूक याचिकेला ४५ दिवस असतात. आमचा क्रमांक इतका वर नव्हताच. पण पोरांच्या मनात शंका राहू नये म्हणून सरांनी बूथवर बसलेल्या प्रत्येकाकडून नमुना १७-सी मागवला. त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली ते लिहिलेलं असतं आणि त्याची प्रत एजंटाला मिळते. जेवढे कागद जमले तेवढे आम्ही निकालपत्रकातल्या बेरजेशी ताडून पाहिले. जुळले. त्या रात्री पोरं गप्प झाली, पण मला हलकं वाटलं. दुसऱ्यांकडे गेलेली मतं खरी असतील, तर आम्हाला पडलेलीही खरीच होती, आणि पडलेल्यांकडे तोवर कुणी बघितलंच नव्हतं.

बघितलं तेव्हा एक तांडा सापडला. तिथं आम्ही सभा घेतली नव्हती, फक्त एकदा रस्त्यात थांबून बोललो होतो, आणि तिथं सरांना मोठ्या पक्षांच्या बरोबरीनं मतं होती. चौकशी केली तर कळलं, तिथल्या पाचसहा मुली सरांच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी घरोघरी चिन्ह समजावून सांगितलं होतं. आमच्या कुणालाही न विचारता! सरांनी त्या यादीवरून गावं ठरवली आणि आम्ही आभार मानायला निघालो. हरलेला उमेदवार दारात येतो, हे लोकांना नवीन होतं. "मत दिलं होतं सर, पण वाटलं एकट्याचंच असेल," असं एक म्हातारी म्हणाली. एकट्याचंच वाटणारी माणसं प्रत्येक गावात निघाली. मुदतीच्या आत हिशोबही गेला.

३० डिसेंबरला वेळ अमावस्या आली. लातूर-धाराशिवकडे या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, पांडवांची पूजा मांडायची, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. भज्जी म्हणजे कांद्याची भजी नव्हे, हे बाहेरच्यांसाठी सांगते: तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि हिरव्या भाज्या बेसनात शिजवलेल्या असतात. मातीच्या मडक्यातली ताकाची आंबील तिच्यासोबत नसेल, तर जेवण अपुरं. सरांनी शेतात सगळ्यांना बोलावलं. समोरच्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनाही. आमच्याकडे या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्यालाही जेवायला हाक मारतात, तर शेजारच्याला कसं वगळणार? जिंकलेल्या बाजूचा एकजण पंगतीत सरांशेजारी बसला आणि दोघं तुरीच्या वाणावर तासभर बोलले. महिन्याभरात वाळलेले सर त्या दिवशी पोटभर जेवले.

तिथंच महोत्सवाचं ठरलं. सर कॉलेजात असताना मुलांना चांगले सिनेमे दाखवायचे, भिंतीवर चादर लावून. छत्रपती संभाजीनगरला १५ ते १९ जानेवारी २०२५ दहावा अजिंठा-वेरूळ महोत्सव होता आणि त्यात दिग्दर्शिका सई परांजपे यांना पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार मिळणार होता. काकू, सर आणि मी, तिघांनी नोंदणी केली. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट, पासष्टीच्या पुढे सरांनाही अर्धं, म्हणून प्रवास परवडला. अंबाजोगाई, बीड करत लांबचा रस्ता, पण गप्पांत गेला.

आता जेवणाबद्दल, कारण महोत्सवाला जाणारे याच बाबतीत सर्वांत जास्त हाल करून घेतात. चित्रपट आयनॉक्सच्या पडद्यांवर, प्रोझोन मॉलमध्ये. सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक खेळ, मध्ये थोडीशी फट, त्यात पुढच्या रांगेत उभं राहायचं, कारण जागा पहिल्या येणाऱ्याला. मग लोक पॉपकॉर्न आणि समोशावर दिवस काढतात. दुसऱ्या दिवसाच्या दुपारी अर्धं सभागृह पेंगत असतं. दूरच्या देशातल्या कुणीतरी किती वर्षं खपून केलेला सिनेमा, आणि आपण तो ॲसिडिटी सोसत पाहायचा, हे मला त्या सिनेमावर अन्यायाचं वाटतं. प्रचारातल्या बिलांनी आम्हाला जे शिकवलं होतं, ते काकूंनी इथं लागू केलं.

संक्रांत आदल्याच दिवशी, १४ तारखेला झाली होती. तिळाच्या पोळ्या डबाभर होत्या. त्या टिकतात आणि एका पोळीवर तीन तास निघतात. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, कोरडी शेंगदाण्याची चटणी, दह्यासाठी जवळचंच एक दुकान पाहून ठेवलेलं. बाहेरचं खाणं पडद्याच्या आत नेता येत नाही, म्हणून आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसायचो. काकूंचा नियम एकच होता: दुपारचा एक खेळ सोडायचा आणि त्या वेळात बसून, सावकाश जेवायचं. वेळापत्रक हातात आलं की आधी जेवणाची वेळ पेन्सिलीनं खूण करायची, मग सिनेमे निवडायचे. सर पहिल्यांदा कुरकुरले. पण पायऱ्यांवर डबा उघडला की माणसं जमतात. परभणीचे दोन विद्यार्थी, नांदेडच्या एक निवृत्त बाई, पुण्याहून आलेला एक संकलक, सगळ्यांनी धपाट्याचा तुकडा घेतला आणि त्यांनी पाहिलेल्या सिनेमावर सर वर्गात बोलायचे तसे बोलायला लागले. विद्यार्थ्यांनी वही काढली.

एका रात्री माझ्या मैत्रिणीच्या घरी नान-खलिया खाल्लं. चौदाव्या शतकात महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ इथं आला असं शहरात सांगतात. तंदूरमधला मोठा पिवळसर नान आणि मटणाचा तर्रीदार रस्सा. मैत्रिणीच्या खालांनी, म्हणजे मावशीनं, सरांना तीनदा वाढलं. "इलेक्शन हरलेत ना, मग जास्त खायला पाहिजे," म्हणाल्या. सर खळखळून हसले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी, एमजीएम शिक्षणसंस्थेच्या रुक्मिणी सभागृहात, सई परांजपे पुरस्कार घ्यायला उभ्या होत्या, वय ८६. सर माझ्याकडे वळून फक्त "८६" म्हणाले. स्वतःचं वय त्यांनी मनात वजा केलं असणार.

परतल्यावर सरांनी दोन कामं सुरू केली. तांड्यावरच्या मुलींसह पंधरा गावांत दर रविवारी आळीपाळीनं बसायचं: पीक विमा, हमीभावाच्या खरेदीची नोंदणी, मतदार यादीतली नावं. आणि महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात सिनेमा, भिंतीवर चादर लावून. दोन्हींना जेवण असतं. ज्याच्या गावी बैठक त्याच्याकडे भाकरी, बाकीच्यांनी चटणी-भाजी आणायची. परवा तांड्यावर झाली, तिथं अंबाडीची भाजी होती. पुढच्या निवडणुकीला उभं कोण राहणार हे अजून ठरलेलं नाही. सर म्हणतात त्या मुलींपैकी एकीनं राहावं. तिचं वय बसतं, मतदार यादीत नाव आहे, आणि खर्चाची वही कशी ठेवायची ते मी तिला दाखवायला सुरुवात केली आहे.