ठिकाण ठरत नसताना केलेली बाळंतपणाची तयारी

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचे निघाले आणि तोवर ठरलेले सगळे पुन्हा अधांतरी झाले. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे पुण्याला, हे दोन्ही घरांनी गृहीतच धरले होते. माझे पती बँकेत आहेत आणि त्यांच्या बदलीची यादी कधीही लागेल अशी स्थिती होती. इंदुरातले सुदामानगरचे भाड्याचे घर ठेवायचे की सोडायचे, हेही त्या यादीवर अवलंबून होते.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितले. वारेची कड पिशवीच्या तोंडापासून दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर वार खाली आहे असे धरतात. परंतु पुढच्या महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जातो, त्यामुळे पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बहुतेक जणींच्या बाबतीत आपोआप वर जाते. म्हणून ३२व्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी करायची आणि तेव्हाही ती खालीच असली तर ३६व्या आठवड्यात आणखी एकदा. दरम्यान लांबचा प्रवास करायचा नाही, जड उचलायचे नाही आणि थोडाही रक्तस्राव झाला, तर पोटात दुखत नसले तरी तडक दवाखाना गाठायचा.

पुण्याचा प्रश्न इथेच अडला. इंदूरहून पुण्याला रेल्वेने रात्रभराचा प्रवास आहे, आणि ३६ आठवड्यांनंतर विमान कंपन्याही सहसा बसू देत नाहीत. शेवटपर्यंत वाट पाहण्याची सोय नव्हती, म्हणून आम्ही ३२व्या आठवड्याची सोनोग्राफी हीच निर्णयाची मर्यादा ठरवली. त्या दिवशी वार वर गेलेली असेल तर पुणे, नसेल तर इंदूर, आणि नंतर त्यावर चर्चा नाही. बदलीचे काय व्हायचे ते होवो, तिच्यासाठी बाळंतपणाचे ठिकाण बदलायचे नाही. हे दोन्ही घरी स्पष्ट सांगितल्यावर रोजचे ‘मग काय ठरलं?’ हे फोन पुष्कळ कमी झाले. ज्यांच्याकडे असाच गोंधळ आहे त्यांनी निर्णय नाही तरी निर्णयाची तारीख जरूर ठरवावी, असे मला मनापासून वाटते.

तारीख ठरल्यावर, बाळंतपण कुठेही झाले तरी जे लागणारच होते ते आधी हातात घेतले. त्यात सर्वांत महत्त्वाची फाइल. रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही व कावीळ-बीच्या तपासण्या, साखरेची तपासणी, सगळ्या सोनोग्राफींचे अहवाल, धनुर्वाताच्या लसींच्या नोंदी, दोघांची आधारकार्डे आणि विम्याचे कागद मी तारखेप्रमाणे लावले आणि प्रत्येक पानाचा फोटो पतींच्या व आईच्या फोनवर पाठवला. अनोळखी गावातल्या अनोळखी डॉक्टरांसमोर ऐनवेळी बसावे लागले असते, तर या फाइलवरून त्यांना सगळे कळले असते. विमा पतींच्या नोकरीतला सामूहिक आहे. इंदूर आणि पुणे दोन्हीकडे कोणत्या रुग्णालयांत रोख न भरता उपचार होतात, याची यादी त्यांनी काढून ठेवली.

कपड्यांची तयारी सासूबाईंची. बाळ हाती येईपर्यंत घरात नवे काही आणायचे नाही, हा त्यांचा नियम, आणि तो मला पटला, कारण वापरून मऊ झालेल्या सुती कापडाची सर नव्या कापडाला नाही. नणंदेच्या मुलीची झबली आणि टोपरी आली. दुपट्यांसाठी त्यांनी आपल्या जुन्या सुती साड्या काढल्या; काठ टोचतात म्हणून ते आधी कापून बाजूला केले आणि मधल्या कापडाचे पदर एकावर एक ठेवून हाताने धावदोरा घातला. जी दोन-तीन झबली त्यांनी स्वतः शिवली, त्यांना गुंडीऐवजी बंद लावले आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, म्हणजे बाळाच्या अंगाला ती लागणार नाही. सगळे गरम पाण्यातून काढून उन्हात खडखडीत वाळवले.

डिंक, खारीक आणि अळीव सियागंजातून आणून ठेवले, पण लाडू आधी वळले नाहीत; सामान टिकते, लाडू तितके टिकत नाहीत. गुटीचा विषय नाजूक होता. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय मध, गुटी, वरचे पाणी काहीही नको, हे मी सांगण्यापेक्षा सासूबाईंनी डॉक्टरांकडूनच ऐकावे, म्हणून एका तपासणीला त्यांना सोबत नेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि घरी आल्यावर सहाण-मात्रा स्वतःच वरच्या फळीवर ठेवून दिली.

३२व्या आठवड्यात वार खालीच होती. आईला फोन केला तेव्हा क्षणभर ती काही बोलली नाही, मग म्हणाली, “तू हलू नकोस, मीच येते.” आणि ती आली.

त्यानंतरची तयारी नेमकी होती. अचानक रक्तस्राव झाला तर रक्त लागू शकते, म्हणून माझ्या रक्तगटाच्या ओळखीच्या माणसांना सांगून ठेवले. ज्या छोट्या दवाखान्यात मी जात होते तिथे रक्ताची सोय नव्हती. तिथल्या डॉक्टरांनीच पलासियाकडच्या मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवायला सांगितले, आणि त्यांच्या या सरळपणाबद्दल मला आजही आदर वाटतो. माझी तारीख रंगपंचमीच्या आसपास होती. त्या दिवशी इंदुरात गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते आणि राजवाड्याचा सगळा परिसर माणसांनी भरून जातो, तेव्हा पतींनी महू नाक्याकडून जाण्याचा रस्ता आधीच गाडीने जाऊन पाहिला. १०८ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये होताच.

३६व्या आठवड्यात अंतर दोन सेंटीमीटरच्या पुढे गेलेले निघाले. सिझर टळण्याची शक्यता वाढली याचा फार आनंद झाला. ‘मग आता पुण्याला जाता येईल’ असे एक-दोघांनी सुचवले, पण तो दरवाजा आम्ही बंद केलेला होता आणि तो बंदच ठेवला.

रंगपंचमीआधीच कळा सुरू झाल्या आणि मुलगी झाली, नैसर्गिकरीत्या. बीसीजी, पोलिओचा डोस आणि कावीळ-बीची लस रुग्णालयातून निघण्यापूर्वीच दिली गेली.

बदलीची यादी मुलगी काही आठवड्यांची झाल्यावर लागली: जबलपूर. पती एकटे रुजू झाले. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते; मी ती शेवटपर्यंत काम करून जवळजवळ पूर्ण मागे राखून ठेवली होती, त्यामुळे मला लगेच हलण्याची घाई नव्हती. सव्वा महिना झाल्यावरही आई थोडे दिवस राहिली. सहाव्या आणि दहाव्या आठवड्याच्या लसी इंदुरात झाल्या, चौदाव्या आठवड्याच्या जबलपूरला होतील; लसीकरणाचे कार्ड दोन्हीकडे चालते.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणून ती इंदूर महानगरपालिकेत झाली. नोंदीची मुदत २१ दिवसांची असते आणि माहिती रुग्णालयाकडूनच जाते, तरी आई-वडिलांच्या नावांची अक्षरे आधारप्रमाणे तंतोतंत आहेत ना, हे आम्ही अर्ज पाठवण्यापूर्वी स्वतः वाचून पाहिले. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळा, पारपत्र अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, त्यामुळे इथे एक अक्षरही चुकता कामा नये. मुलीच्या नावाचा रकाना सध्या रिकामा आहे. बारसे इंदुरात करायचे, जबलपूरला की पुण्याला, यावर तिन्हीकडून मते येत आहेत. नोंदीपासून वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते, आणि त्याच्या आत ते आम्ही ठरवू.