हत्ती, घोडा आणि डोसा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची बातमी छापून आली की हा प्रश्न ठरलेला: "रेपो दर वाढला की उतरला एवढं सांगा ना, हे हत्ती-घोडे कशाला?" (रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर.)

शक्तिकांत दास रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना महागाई आधी हत्ती होती. एप्रिल २०२४ मध्ये तो हत्ती फिरायला बाहेर पडून जंगलाच्या वाटेला लागला होता. ऑक्टोबरात तिचा घोडा झाला. मोठ्या कष्टानं त्याला ठाणावर आणलाय, दार उघडताना जपायला हवं, नाहीतर पुन्हा उधळेल, असं दास म्हणाले आणि दर ६.५ टक्क्यांवरच राहिला. बातमीत 'तबेला' लिहावं की 'पागा', यावर आमची दहा मिनिटं गेली. मुंबईत तबेला म्हटलं की म्हशीच आठवतात.

तर, कशाला? भाव वाढणार असं दुकानदाराला नुसतं वाटलं तरी तो आजच चार रुपये चढवतो, कामगार पगारवाढ जास्त मागतो, आणि महागाई खरंच वाढते. रेपो दर बँकांना कळतो; लोकांच्या मनातल्या या 'वाटण्या'पर्यंत गोष्टच पोचते. पण गोष्ट अंगावरही येते. १२ नोव्हेंबरला ऑक्टोबरचा आकडा आला: ६.२१ टक्के. लक्ष्य ४, वरची मर्यादा ६. भाज्यांनी घोडा पळवला होता.

मला स्वतःला रघुराम राजन या आधीच्या गव्हर्नरांचा २०१६ मधला डोसा जास्त आवडतो. व्याज उतरलं म्हणून कुरकुरणाऱ्या पेन्शनरांसाठी तो होता. मी तो मामांना ऐकवला. लाख रुपये ठेव, डोसा ५० रुपयांना, म्हणजे आज २००० डोसे. व्याज १० टक्के आणि महागाईही १०, तर वर्षानं डोसा ५५ चा. व्याजासकट पुन्हा २०००च. व्याज ८ पण महागाई साडेपाच, तर डोसा पावणेत्रेपन्नचा आणि डोसे २०४७. नुकसान कुठाय?

मामांनी पेपरच्या कडेला पेन्सिलीनं सगळं मांडून पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाले. मग खाली आणखी एक भागाकार केला. "पण मी मुद्दलाला हात लावत नाही रे. व्याजावर जगतो. दहा हजारांत १८२ डोसे यायचे, आठ हजारांत १५२ येतात."

मुद्दलाची झीज कशी कमी झाली ते मी समजावायला लागलो, तोवर त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली होती.

"ते वरचे तीस कुणी खाल्ले, तेवढं विचार तुझ्या गव्हर्नरांना."