आभाराचं पान

आखाजी

आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी आल्यात, लिंबाला झोके टांगलेत, पितरांच्या नावाची घागर भरून झाली. स्वयंपाकघरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस. ज्या घरातलं कुणी केळीच्या विषाणूवर पीएचडी करतं, त्या घरात मात्र एक ताट झाकून ठेवलेलं असतं. काल संध्याकाळी पानांच्या अर्काच्या नमुन्यांमध्ये लिथियम क्लोराईड घालून त्या नळ्या रात्रभर चार अंशांवर ठेवल्या होत्या. आज त्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, तळाशी बसलेला आरएनए (ज्यावरून विषाणू ओळखायचा तो जनुकीय पदार्थ) ७० टक्के अल्कोहोलने धुवून, ३० ते ५० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवून उणे ८० अंशांत गेल्याशिवाय उठता येत नाही.

"एक दिवस मागेपुढे केला तर?" हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर परवाच्या दिवसात आहे. द्रव नायट्रोजन आला तो परवा. तो डब्यात बसून राहत नाही, उडून जातो. तो आला की पानं कुटायची, आणि एकदा कुटायला घेतली की पुढचे दोन दिवस ठरून गेले.

केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, हे जळगावच्या केळीपट्ट्यातल्या, रावेर-यावलच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. केळी कापणारा जुनं धोतर, जुना शर्ट वेगळा ठेवतो तो त्यासाठीच. तोच चीक प्रयोगशाळेतही पिच्छा पुरवतो. पान फुटलं की त्यातली फिनॉलं हवेशी लागून तपकिरी होतात आणि आरएनएला चिकटतात. वरून पिष्टमय पदार्थांचा चिकट गोळा. म्हणून १०० मिलिग्रॅम पान द्रव नायट्रोजनमध्ये पिठीसारखं कुटायचं आणि पिठी ओलसर व्हायच्या आत ६५ अंशांवर तापवलेल्या, पेशी फोडणाऱ्या सीटॅब द्रावणात टाकायची. द्रावणात फिनॉलं धरून ठेवणारं पीव्हीपी हवंच, आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ऐन वेळी घालायचं, आदल्या दिवशी नाही. अर्धा तास तसंच ६५ अंशांवर. मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४ ला १ या प्रमाणात, आणि हे दोनदा. एकदाच केलं की नळीच्या तळाशी पांढऱ्याऐवजी चहाच्या रंगाचा गाळ बसतो, आणि पुढची आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणू शोधायची चाचणी, गप्प राहते. चाचणीनंतर जेलवर विषाणूचा पट्टा दिसला नाही म्हणून झाड निरोगी, असं लिहून टाकण्याची चूक इथेच होते. २६० ला २३० चं गुणोत्तर (या दोन तरंगलांबींचा प्रकाश किती शोषला जातो, त्यावरून आरएनए किती शुद्ध ते कळतं) आधी बघावं. ते खाली असेल तर दोष झाडात नाही, धुण्यात आहे. शिवाय प्रत्येक फेरीत झाडाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची तपासणी ठेवावी. तीही रिकामी आली तर तो नमुना बाद.

सेंट्रिफ्यूजमध्ये २४ नळ्या बसतात म्हणून २४ नमुने घेऊ नयेत. एका माणसाने एका बैठकीत १२. तेराव्यापासून हात चुकतो, हातमोज्यात घाम येतो, आणि घामातली एंझाइमं आरएनए खाऊन टाकतात. म्हणजे १२० झाडांचे नमुने, दहा बैठका, वीस दिवस. अशा वीस दिवसांत आखाजी येते, साखरपुडे येतात, कुणाचं तरी दहावं येतं.

मे, लाईट गेलेली रात्र

दुपारी ४४ अंश, रात्री दोनला लाईट गेली. उणे ८० चा फ्रीझर उघडला नाही तर काही तास थंडी धरून ठेवतो. भरलेला असेल तर जास्त, अर्धा रिकामा असेल तर कमी. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या ही युक्ती फुकटची आहे, तरी ती करणारे थोडे. दार उघडून "बघू तरी" असं म्हणणं सगळ्यात महाग पडतं. काट्यावरचं तापमान अर्ध्या अर्ध्या तासाने लिहायचं, उणे ६० च्या वर सरकायला लागलं की जनरेटर नाहीतर दुसऱ्या विभागातला फ्रीझर. आणि लाईट आल्याबरोबर लगेच चालू करायचा नाही. आधी येणारा दाब वरखाली होतो, कॉम्प्रेसर त्यात जातो. स्टॅबिलायझर लावलेला असला तरी पाचेक मिनिटं थांबावं.

प्रयोगवहीचे नियम सगळ्यांना पाठ असतात. पानांना आकडे, शाईचं पेन, पान फाडायचं नाही, चुकलं तर एक आडवी रेघ आणि बाजूला सही. त्या रात्रीची नोंद अशी पडते: "०२.१० वा., उणे ७१. ०२.४० वा., उणे ६८." काम करणारी मुलगी असेल तर त्या दोन आकड्यांमध्ये तिचे वडील किंवा भाऊ मोटरसायकल लावून फाटकाशी उभे असतात. पहाटे पाचला त्यांना बागेला पाणी धरायला जायचं असतं, कारण शेतीची लाईट तेव्हाच असते. वहीत त्यांच्यासाठी रकाना नाही.

मला वाटतं, संशोधनातला त्याग म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं असल्याच तासांचं आहे. हे तास कुणाच्याच नावावर लागत नाहीत.

जून, पैशाचा हिशोब

एकदा आकडे मांडून ठेवतो. नेट परीक्षेतून जेआरएफ (विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षं एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) म्हणून ४२,०००. घरभाडं वेगळं. पाच वर्षांचे मिळून २४ लाख. विज्ञानशाखेला किरकोळ खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाला १२,०००, नंतर २५,०००. ऐकायला बरं वाटतं.

अडचण रकमेपेक्षा तारखेची. फेलोशिप पगारासारखी एक तारखेला येत नाही. हजेरीचा दाखला, मार्गदर्शकाची सही, विभागाची सही, संकेतस्थळावर महिन्याची खात्री, यातलं एक अडकलं की तीन-चार महिने एकदम तुंबतात. दोन वर्षं संपताना जेआरएफची एसआरएफ आपोआप होत नाही. समिती बसवून अहवाल द्यावा लागतो. तो अहवाल मुदतीआधी दोन महिने तयार हवा, नाहीतर जुन्या दरानेच ओढत राहायचं. किरकोळ खर्चही आधी खिशातून, मग बिल. म्हणून नवीन येणाऱ्याला पहिली सूचना हीच द्यावी, की चार महिन्यांची खोली, मेस आणि गाडीभाडं एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय रुजू होऊ नकोस. खानदेशात ती रक्कम कुठून येते? कापसाच्या पट्टीतून, केळीच्या उचलीतून, नाहीतर सोसायटीचं कर्ज थोडं जास्त उचलून. घरचा धाकटा त्या वर्षी कॉलेज सोडून शेतीकडे बघतो. मोठा "शास्त्रज्ञ" होत असतो आणि ठिबकच्या नळ्या धाकटा जोडत असतो.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी कमीत कमी तीन वर्षांची आणि जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर दोन. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ही रजा असते हे सासरी सोडा, काही विभागांतही माहीत नसतं. दिवस राहिले की मरकॅप्टोइथेनॉल, फिनॉल, इथिडियम ब्रोमाइड या घातक रसायनांपासून लांब व्हायचं. तेवढे महिने आकडेमोड, लेखन आणि जनुकक्रमांची जुळणी ही कामं पुढे घ्यावी. मार्गदर्शकाला हे लवकर सांगितलेलं बरं. लाजेपायी तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याच टेबलावर काम करणाऱ्या मुली असतात, आणि तो दोष त्यांचा नाही.

श्रावण, कानबाईचा रविवार

कानबाई या खानदेशच्या देवीच्या सणाला भाऊबंदकी रोटांच्या नैवेद्यासाठी जमली आहे, आणि नेमक्या याच दिवसांत मृगबागेत (मृगाला लावलेल्या केळीत) हरण्या रोग दिसायला लागतो. ढगाळ हवा, रिपरिप पाऊस, उतरलेलं तापमान. कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे, पान आखडतं, पुढे पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, कुजतो. तो करणाऱ्याचं नाव कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे काकडीवरून पडलेलं, पण तो हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींत राहू शकतो. बांधावरचं तण, शेजारची वेलवर्गीय भाजी, मिरची, टोमॅटो, सगळं त्याचं माहेर. मावा ही कीड त्याला नेते, आणि कशी नेते हे समजून घेतलं पाहिजे. रोगट पानात सोंड खुपसल्यावर काही सेकंदांत विषाणू सोंडेला लागतो, आणि पुढच्या झाडावर तेवढ्याच वेळात उतरतो. औषध अंगावर पडून मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून फवारणीवर फवारणी करणाऱ्याचीही बाग जाते. खरा उपाय तणं काढणं, विषाणूमुक्त रोपं घेणं आणि रोगट झाड दिसलं की लगेच उपटून पुरणं.

इथे घरात पेच पडतो. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४४४ झाडं, एकरी साधारण १,८००. ऊतिसंवर्धित रोप पंधरा-वीस रुपयांचं, पण त्यामागे जोडखत, ठिबक आणि मजुरी गेलेली. बापाला ती झाडं आजच्या आज उपटायची आहेत. पोराला त्यातली काही ठेवायची आहेत, दर पंधरा दिवसांनी नोंद घ्यायला. दोघंही बरोबर. पोऱ्याने चिठ्ठी बांधली म्हणून बाप २२ झाडं ठेवतो आणि शेजाऱ्याचे टोमणे ऐकतो. शेजारी खोटं बोलत नसतो. उभं ठेवलेलं प्रत्येक रोगट झाड सगळ्या शिवाराला घोर असतं.

या बाबतीत माझं मत सरळ आहे. घरची बाग हा प्रयोगाचा प्लॉट करू नये. अभ्यासासाठी झाडं ठेवायचीच तर कुंडीत, माव्याला शिरता येणार नाही अशा बारीक विणीच्या जाळीखाली, दुहेरी दाराच्या खोलीत ठेवावीत. शेतातून फक्त पान घ्यावं. पोंग्याजवळचं, नुकतं उलगडलेलं, सकाळी, बर्फाच्या पेटीत. पिशवीवर खुणेचं पेन बर्फाच्या पाण्याने पुसलं जातं, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतही टाकावी. आणि ती पिशवी घरच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी नको. दूध नासत नाही, पण फ्रीज घरातलं कुणी ना कुणी वीसदा उघडतं आणि नमुना हातचा जातो.

केळी लागण ते घड अकरा-बारा महिने. नोंद चुकली, पाऊस चुकला, तर दुसरी संधी पुढच्या मृगात. एमएस्सीनंतर चोविसाव्या वर्षी सुरू केलेल्याचं तिसावं असंच येतं.

पोळ्याच्या आसपास

"पोऱ्या काय करस?" धुळे-अमळनेरकडे सोयरीक बघायला आलेला माणूस पहिलं हेच विचारतो. "आजून शिकीच ऱ्हायना" (अजून शिकतोच आहे) हे खरं उत्तर देऊन चालत नाही. वर्गातला मित्र तलाठी झाला, दुसरा पोलीस भरतीत लागला, त्यांची पोरं बालवाडीत. बाप मग "विद्यापीठात आहे" एवढंच सांगतो. खोटंही नाही, पुरेसंही नाही. आईने तर एक वाक्य पाठ केलेलं असतं: "केळीवरच्या रोगावर औषध शोधतो." झाडाच्या विषाणूवर औषध नसतं. तरी ते वाक्य दुरुस्त करायला जाऊ नये.

दिवाळीच्या आधी

बाजारात भुईमुगाची जेएल-२४ ही जात. आज कुणालाही विचारा, जेएल म्हणजे काय. बियाणं विकणाऱ्यालाही पटकन सांगता येत नाही. जेएल म्हणजे जळगाव. परदेशातून आलेल्या वाणातून इथल्या केंद्रावर निवड झाली, लवकर येणारी, उपटी, म्हणजे पसरत न जाणारी. ती इथून आफ्रिकेपर्यंत गेली. मलावीत तिला काकोमा म्हणतात. निवड पद्धतीत एका वाणामागे सात-आठ हंगाम जातात. झाडं निवडायची, वेगवेगळी पेरायची, नको ती टाकायची, मग अनेक ठिकाणी चाचण्या. त्या ओळी ज्यांनी उन्हात मोजल्या त्या मजूर बायांची, शिपायांची, सहायकांची नावं वाणात येत नाहीत. निवड करणाऱ्याचंही नाही. गावाची दोन अक्षरं आणि एक आकडा. ही पद्धत मला आवडते, पण जे मोजत होते त्यांच्या घरी हे कुणी सांगितलं असेल का, असा प्रश्न राहतो.

कार्तिक, प्रबंध छापायला देण्याआधी

खुली मौखिक परीक्षा कुणालाही ऐकता येते. घरच्यांना आणावं. गावाहून येणाऱ्यांना अकराची वेळ सांगावी, साडेअकराला सुरू होतं. सादरीकरण इंग्रजीत, पण पहिली दोन मिनिटं मराठीत काय केलं ते सांगितलं तर परीक्षक हरकत घेत नाहीत. मागच्या रांगेतल्या बापाला निदान चित्रातली बाग आपली आहे हे कळतं. निकाल जाहीर झाला तरी विद्यापीठाची अधिसूचना निघेपर्यंत नावामागे डॉक्टर लावू नये. गावात फ्लेक्स मात्र त्याच संध्याकाळी लागतो, बसस्टँडसमोर, फेटा बांधलेल्या फोटोसकट. त्याला अधिसूचना थांबवू शकत नाही.

त्याआधी साम्य तपासणी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं. ४० ते ६० मध्ये वर्षभर दार बंद, त्यापुढे नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि आभाराचं पान यात धरत नाहीत. त्यामुळे सगळ्यांची आभाराची पानं एकसारखी असली तरी कुणी हटकत नाही. मार्गदर्शकाला दोन परिच्छेद, विभागप्रमुखांना एक, रसायनं देणाऱ्याला अर्धा, आणि शेवटी इंग्रजीत, आईवडिलांच्या आशीर्वादाशिवाय हे शक्य नव्हतं.

ते पान मराठीत लिहावं. नोंदवहीत लिहितो तसंच, आकड्यांसह: बागेत ठेवलेली २२ झाडं, कोणत्या शिवारात. उणे ६८ ची रात्र, फाटकाशी कोण होतं. कोणत्या वर्षी कुणी कॉलेज सोडलं. झाकून ठेवलेली ताटं मोजता येणार नाहीत, पण आखाज्या मोजता येतात. अर्ध्या पानात मावतं.

आणि छापायला टाकण्याआधी वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून बघावं. मार्गदर्शकांचं चारदा बघितलेलं असतं.