पाच सेंटची उधारी

चार वर्षं झाली नेदरलँड्समध्ये येऊन, पण कुणाचं एक सेंटही देणं लागले नव्हते. लागताच येत नाही इथे. गेल्या महिन्यात मात्र पाच सेंटची उधारी झाली आणि ती फेडायला मला दोन दिवस लागले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. डचमध्येही 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत, म्हणून तोंडाने मी त्यांना 'तुम्ही' म्हणते आणि मनात आजोबा. आठवडाभर ते तापाने घरातच होते, तेव्हा मी त्यांना दुकानातून रेडिओच्या बॅटऱ्या आणि दूध आणून दिलं. बिल झालं 5.43 युरो. मी विसरूनही गेले होते. बरं वाटल्यावर ते आमचा जिना चढून वर आले. इथला जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. दर चार पायऱ्यांनी थांबल्याचा आवाज मला आतून ऐकू येत होता.

"पाच पंचेचाळीस," बसल्या बसल्या ते म्हणाले. मी म्हटलं, त्रेचाळीस. तर त्यांनी मला समजावलं की रोखीत द्यायचं असेल तर रक्कम जवळच्या पाच सेंटवर न्यायची, 2004 पासूनची पद्धत आहे. आहे खरी, आणि तेव्हापासून एक आणि दोन सेंटची नाणी इथल्या व्यवहारातून गेलीच. पण ती दुकानाच्या गल्ल्यासाठी. शेजारणीने आणून दिलेल्या बॅटऱ्यांना ती कशी लागू होते, कोण जाणे. त्यांनी टेबलावर पाचची नोट ठेवली, तिच्यावर पन्नास सेंटचं नाणं ठेवलं आणि वाट बघत बसले. पाच सेंट परत हवे होते.

मी ड्रॉवर बघितला, कोटांचे खिसे उलटे केले, लेकीचं दप्तरसुद्धा झटकलं. घरात एक नाणं असेल तर शपथ. "मग माझे पाच सेंट तुझ्याकडे राहिले," आजोबा म्हणाले. वहीत नोंद करावी इतक्या गंभीरपणे. मग चहा घेतला आणि तासभर बसले. रेडिओवर कुठल्या वेळी काय लागतं ते सगळं मला सांगितलं.

तुम्ही म्हणाल, फोनवरून पाठवून टाकायचे. इथे त्यासाठी टिकी नावाचं ॲप आहे. एबीएन ॲम्रो बँकेने ते 2016 मध्ये काढलं, म्हणजे आपलं यूपीआय आलं त्याच वर्षी. पण यूपीआयने आपण पैसे देतो, आणि टिकी हे मुख्यतः मागण्याचं यंत्र आहे. तुम्ही खर्च केलात की समोरच्याला लिंक पाठवायची, त्याने ती दाबली की पैसे जमा. म्हणजे लिंक आजोबांनी पाठवायला हवी, आणि त्यांच्या फोनात टिकी नव्हतंच. टिकी म्हणजे हलकीशी टिचकी. पकडापकडीत गडी बाद करताना मुलंही हाच शब्द ओरडतात. आता तो रोजच्या बोलण्यातलाच शब्द झालाय. "मला टिकी पाठव" हे इथे कुणीही कुणाला म्हणतं.

पहिल्या वर्षी मला याचा फार राग यायचा. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या कॉफीचे पैसे मी दिले. जागेवर येऊन बसते तोवर तिचा मेसेज, टिकी कुठाय? मला वाटलं, हिला माझी कॉफीसुद्धा नको. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आवडायला लागलं. बिलावरून ओढाताण नाही, "अगं राहू दे, मी देते" असा खोटा आग्रह नाही, कुणी कुणाचे पैसे बुडवत नाही. एकदा सहलीवरून आल्यावर आठ जणींचा हिशेब मी ट्रेनमध्येच मिटवला आणि चांगली झोप काढली. त्या आठांपैकी निम्म्यांशी पुन्हा बोलणं झालं नाही, हेही खरं. बोलायला कारण काही उरलं नव्हतं.

आणि दुकानात तर कार्डाने मला लपायला जागा दिली. डच येत नव्हतं, आणि सेल्फ-स्कॅनला भाषा लागत नाही. वस्तू घ्यायची, पीप करायचं, कार्ड टेकवायचं, पावतीवरचा बारकोड दाखवला की बाहेरचं फाटक उघडतं. गल्ल्यावर जायची वेळ आलीच तर तिथले प्रश्न ठरलेले: कार्डाने का, पावती हवी का, कुपनं गोळा करता का. सगळ्यांना एकच उत्तर, "नको, धन्यवाद." एका हिवाळ्यात गल्ल्यावरच्या मुलीने काहीतरी विचारलं, मी म्हटलं "नको, धन्यवाद" आणि निघाले. घरी आल्यावर कळलं, लेकीचा एक हातमोजा गायब. ती मुलगी तो हातात धरून विचारत होती, हा तुमचा का?

तर, पाच सेंट. आधी पैसे काढायचे. इथल्या तीन मोठ्या बँकांनी आपापली एटीएम बंद करून गेल्डमाट नावाची एकच पिवळी यंत्रं ठेवली आहेत. आमच्या जवळचं सायकलने बारा मिनिटांवर. ते मी शोधून काढलं, पण ते नोटा देतं, पाच सेंट नाही. वीसची नोट घेऊन घरी आले. मे 2025 मध्ये डच मध्यवर्ती बँकेने लोकांना सांगितलंय की डिजिटल पैसे देण्याची यंत्रणा बंद पडली तर हाताशी असावी म्हणून घरात मोठ्या माणसामागे 70 आणि मुलामागे 30 युरो रोख ठेवा. आमच्या तिघांचे 170 होतात. ती सूचना वाचून मी मान डोलावली होती, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी नोट मोडायला गेले ती गप्पांच्या गल्ल्यावर. हा प्रकार खास इथला. युम्बो नावाच्या सुपरमार्केटने 2019 मध्ये ब्राबांट प्रांतातल्या व्लाइमन गावात 'क्लेट्सकासा' सुरू केला. क्लेट्सन म्हणजे गप्पा मारणं. ज्यांना घाई नाही त्यांची ही रांग. सरकारची एकाकीपणाविरुद्ध मोहीम आदल्याच वर्षी सुरू झाली होती. पुढे असे गल्ले ठिकठिकाणी निघाले. मी या पाटीला आजवर हसत आले होते. बोलायलासुद्धा वेगळी रांग!

माझ्या पुढच्या आजींनी पर्स उघडून सगळी नाणी पट्ट्यावर ओतली. गल्ल्यावरची बाई एकेक नाणं बोटाने सरकवत मोजत होती आणि आजी तिला बहिणीच्या गुडघ्याबद्दल सांगत होत्या. मोजणं मधेच चुकलं. दोघींनी पहिल्यापासून सुरू केलं. मी घड्याळाकडे बघितलं. रांगेत बघणारी मी एकटीच.

माझा नंबर आला. मी भांडी घासायचे स्पंज घेतले होते, 1.87. रोखीत 1.85. नोट दिली आणि म्हटलं, सुट्ट्यात एक पाच सेंटचं नाणं नक्की द्या. "का बरं?" तिने विचारलं. आता याला "नको, धन्यवाद" चालणार नव्हतं. मी सगळं सांगितलं, ताप, बॅटऱ्या, 2004, जिना. वाक्यात क्रियापदं भलत्याच जागी पडत होती. एकदा ती मधे थांबवून म्हणाली, "ताप दुधाला आला होता?" मागच्या माणसाने मला योग्य शब्द दिला. चार वर्षांत गल्ल्यावर मी इतकं कधीच बोलले नव्हते. नाणं तिने वेगळं माझ्या तळहातावर ठेवलं.

संध्याकाळी खाली जाऊन बेल वाजवली. आजोबांनी चष्मा लावला, नाणं उलटं करून बघितलं. "बेआट्रिक्स," म्हणाले. जुन्या राणीचं होतं. नव्या राजाची नाणी 2014 पासूनची. ते त्यांनी खिडकीतल्या डब्यात टाकलं आणि कॉफी ठेवली.

मग टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. मुलीने रविवारी येऊन त्यात टिकी टाकून दिलं होतं. "हे कसं चालवायचं, दाखवतेस का? म्हणजे पुढच्या वेळी मला जिना चढायला नको."

मी म्हटलं, दाखवते, पण आज नको, घाईत आहे. आणि दुसरी कॉफी घेतली.